इंट्रोडक्शनमधला ‘हाउएव्हर’ कुठे गेला?

ब्लॅक बुक, म्हणजे बाइंडिंग केलेला प्रबंध, हातात आलं की परीक्षक ते पहिल्या पानापासून वाचत बसत नाहीत. सर्टिफिकेट, आभार, अनुक्रमणिका भराभर उलटतात, इंट्रोडक्शनच्या शेवटच्या दीड पानावर थांबतात, तिथून थेट कन्क्लुजनवर जातात आणि मग रेफरन्सेसवर नजर टाकतात. व्हायव्हातला पहिला प्रश्न बहुतेक वेळा त्या दीड पानातूनच निघतो: ‘हाच विषय का घेतला?’ ‘आवड होती’ किंवा ‘मॅडमनी सुचवला’ हे उत्तर खरं असलं तरी चालत नाही. खरं उत्तर इंट्रोडक्शनमध्ये लिहिलेलं असायला हवं, आणि पदवीच्या प्रबंधांत नेमकं तेच नसतं. विषयाची थोरवी असते, व्याख्या असतात, उद्दिष्टं असतात. या सगळ्याला जोडणारा मधला सांधा नसतो. इंग्रजीत हा सांधा बहुतेकदा एका शब्दावर तोललेला असतो. तो शब्द म्हणजे ‘हाउएव्हर’.

हा प्रश्न आता जास्त मुलांपुढे येणार आहे. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असतील तर चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येतं आणि एकूण १६० क्रेडिटपैकी १२ क्रेडिट एकट्या संशोधन प्रकल्पाचे असतात. जे डिझर्टेशन पूर्वी एम.ए., एम.एस्सी.ला गेल्यावर समोर यायचं, ते आता विशीतच लिहायचं आहे. तेही बहुतेक ठिकाणी इंग्रजीत, आणि शाळेपासून निबंधाखेरीज दुसरं काही लांबलचक न लिहिलेल्या हातांनी.

गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. इंट्रोडक्शनला आपण ‘प्रस्तावना’ म्हणतो. मराठी पुस्तकातली प्रस्तावना पुष्कळदा दुसऱ्याच कुणीतरी वडीलधाऱ्या लेखकाने लिहिलेली असते. त्यात विषयाचं महत्त्व, लेखकाचं कौतुक, थोडा इतिहास आणि शेवटी शुभेच्छा येतात. लेखकाला जे सांगायचं ते वेगळ्या ‘मनोगता’त जातं. शाळेतल्या निबंधाची प्रस्तावना म्हणजे एखादं सुभाषित आणि ‘आजच्या धकाधकीच्या युगात’. दोन्हींचा साचा डोक्यात पक्का बसलेला असतो, म्हणून इंग्रजी इंट्रोडक्शन लिहिताना आधी नमन होतं आणि घडाभर तेल नमनालाच जातं. इंग्रजी प्रबंधातली इंट्रोडक्शन म्हणजे युक्तिवाद. तिने वाचकाला पटवायचं असतं की या विषयात अमुक इतकं काम झालं आहे, तमुक राहिलं आहे, आणि त्या राहिलेल्यातला हा एवढा तुकडा मी उचलते आहे.

हा आराखडा जॉन स्वेल्स या भाषाशास्त्रज्ञांनी मांडला. १९८१ मध्ये ॲस्टन विद्यापीठात असताना त्यांनी वेगवेगळ्या शाखांतल्या ४८ शोधनिबंधांच्या सुरुवाती सुट्या करून पाहिल्या. त्यांना चार टप्पे दिसले: क्षेत्र सांगणं, आधीचं काम सांगणं, आपल्या कामाची जमीन तयार करणं आणि आपलं काम मांडणं. पुढे पहिले दोन टप्पे एकमेकांपासून धड वेगळे काढता येईनात, म्हणून १९९० मध्ये त्यांनी तीनच ठेवले. त्या तिघांना ते ‘मूव्ह’ म्हणतात: टेरिटरी (क्षेत्र), निश (त्यातली मोकळी जागा) आणि निश व्यापणं, म्हणजे ऑक्युपाय करणं. मॉडेलचं नाव ‘क्रिएट अ रिसर्च स्पेस’, आद्याक्षरांनी ‘कार्स’.

मुंबईकराला हे मॉडेल समजावून सांगायला नकोच. सेकंड क्लासच्या डब्यात शिरलात, ही झाली टेरिटरी. बाकावर तिघं बसलेत आणि कडेला अर्धी वीत जागा आहे हे हेरलंत, ही झाली निश. ‘जरा सरका’ म्हणून चौथ्या सीटवर टेकलात, झालं ऑक्युपाय. पदवीच्या प्रबंधाला चौथी सीटच लागते, तीही अर्धी. अख्खा बाक रिकामा आहे असं सांगायला गेलात तर कुणी विश्वास ठेवत नाही. उलट डब्याचं वर्णन करत दारातच उभं राहिलात तर तुम्ही बसणार कुठे हे वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही.

एक विषय घेऊन हे तीन मूव्ह बघू. इंग्रजी विभागातल्या विद्यार्थिनीचा विषय समजा असा आहे: दादरच्या रानडे रोडवरच्या दुकानांच्या पाट्यांवर मराठी आणि इंग्रजी कशा लिहिल्या जातात.

नेहमीचा मसुदा ‘लँग्वेज इज अ मीन्स ऑफ कम्युनिकेशन’ने उघडतो. मग ‘इंडिया इज अ मल्टिलिंग्वल कंट्री’. मग भाषेच्या तीन व्याख्या, तीन वेगवेगळ्या पुस्तकांतून. दोन पानं झाली तरी पाटी दिसलेली नाही. यावर एक साधा उपाय आहे: विषयाच्या एक मजला वरून सुरुवात करायची, पाच मजले वरून नाही. रस्त्यावरच्या पाट्यांच्या एक मजला वर काय आहे? शहरातल्या सार्वजनिक पाट्यांवरच्या भाषा. याला अभ्यासात ‘लिंग्विस्टिक लँडस्केप’ म्हणतात आणि ही संज्ञा लँड्री आणि बूरी यांच्या १९९७ च्या लेखामुळे रूढ झाली. पहिला परिच्छेद इथूनच उघडावा. त्याच्या वरचे मजले, म्हणजे भारत बहुभाषिक असणं वगैरे, वाचकाला ठाऊक आहेत. ते खोडायचे.

दुसरा परिच्छेद संदर्भाचा, आणि इथे महाराष्ट्रातल्या विषयाला हाताशी मजबूत ऐवज आहे. राज्याच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली आणि देवनागरी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत अशी अट आली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. चार वाक्यांत हे आटोपतं. विद्यार्थी इथे भाषावार प्रांतरचना, संयुक्त महाराष्ट्र आणि अभिजात दर्जा हे सगळं घालतात. सगळं महत्त्वाचं आहे, पण अक्षरांच्या उंचीशी त्याचा संबंध लागत नाही. इंट्रोडक्शनमधल्या प्रत्येक माहितीला एकच प्रश्न विचारायचा: ही काढली तर माझी निश कोसळते का? कोसळत नसेल तर ती दुसऱ्या प्रकरणात जाईल किंवा कचऱ्यात.

तिसरा परिच्छेद आधीच्या अभ्यासांचा. सवयीची पद्धत अशी: ‘अमुक (२००९) स्टडीड…’, ‘तमुक (२०१४) स्टडीड…’, प्रत्येकाला एक वाक्य, ओळीने दहा. ही किराणा मालाची यादी आहे. अभ्यास गटाने मांडावेत. पाटीवर किती भाषा आहेत हे मोजणारे एका बाजूला, दुकानदारांच्या मुलाखती घेऊन ‘हीच भाषा का’ असं विचारणारे दुसऱ्या बाजूला, सरकारी पाट्या आणि खासगी पाट्या यांची तुलना करणारे तिसरीकडे. एका गटाला दोन-तीन वाक्यं आणि कंसात त्या गटातली सगळी नावं. असं मांडलं की भोक आपोआप दिसायला लागतं, कारण कुठल्या गटाने काय मोजलं नाही हे समोरासमोर येतं. बारकाईचा आढावा पुढच्या प्रकरणात येणारच असतो. इंट्रोडक्शनमध्ये निश उभी राहण्यापुरताच घ्यावा.

आता मुद्द्याचं वाक्य. समजा तिने वाचलेले अभ्यास पाटीवर कोणत्या भाषा आहेत ते मोजतात, कुठली किती मोठी आहे ते मोजत नाहीत. मग ते वाक्य असं पडेल: ‘हाउएव्हर, दीज स्टडीज काउंट द लँग्वेजेस ऑन अ साइन, दे डू नॉट मेझर द रिलेटिव्ह साइझ ऑफ द स्क्रिप्ट्स, विच इज व्हॉट द अमेंडमेंट ऑफ २०२२ रेग्युलेट्स.’ या एका वाक्यात तीन कामं झाली. आधीच्या अभ्यासांत काय आहे, काय नाही, आणि जे नाही ते का हवं. तिसरं काम बहुतेक जण विसरतात. एखादी गोष्ट कुणी केली नाही एवढ्याने ती करण्याजोगी ठरत नाही. रानडे रोडवरच्या पाट्यांचा रंग कुणी मोजला नाही, हेही खरं असेल.

यानंतर ऑक्युपाय सोपं जातं. ‘दिस डिझर्टेशन मेझर्स…’ आणि पुढे नेमकेपणा: रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या अमुक इतक्या पाट्या, अमुक महिन्यात काढलेले फोटो, देवनागरी आणि रोमन अक्षरांच्या उंचीचं गुणोत्तर, साखळी दुकानं आणि घरगुती दुकानं यांची तुलना. फोटोवरून गुणोत्तर काढायचं तर पाटी समोरून, सरळ टिपायला हवी. तिरक्या फोटोत जवळच्या टोकाची अक्षरं मोठी दिसतात. ही बाब मेथडॉलॉजीच्या प्रकरणातली, पण ‘समोरून घेतलेले फोटो’ एवढे तीन शब्द इंट्रोडक्शनमध्ये असले की काम खरंच झालं आहे हे परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं.

निश कुठे फसते

सर्वांत धोक्याचं वाक्य म्हणजे ‘नो रिसर्च हॅज बीन डन ऑन दिस टॉपिक’. परीक्षक समोरच्या फोनवर तीन शब्द टाकतो आणि एक लेख सापडला तरी तुमची अख्खी इंट्रोडक्शन खाली बसते. दावा नेहमी कुंपण घालून करावा: कुठल्या शहरापुरता, कुठल्या काळापुरता, कुठल्या पद्धतीपुरता. ‘वाचनात आलेल्या अभ्यासांत’ असं म्हणणं इंग्रजीतही चालतं आणि त्यात कमीपणा नाही.

यातच एक व्याकरणाचा खड्डा आहे आणि तो मराठी माणसासाठीच खणल्यासारखा आहे. ‘फ्यू स्टडीज हॅव एक्झॅमिन्ड’ म्हणजे जवळजवळ कुणी अभ्यास केलेला नाही. ‘अ फ्यू स्टडीज हॅव एक्झॅमिन्ड’ म्हणजे काहींनी केला आहे. ‘लिटल इज नोन’ आणि ‘अ लिटल इज नोन’ यांचंही तसंच. आपल्या भाषेत आर्टिकल नाही, त्यामुळे तो ‘अ’ आपल्याला शोभेचा वाटतो आणि कानाला बरं वाटेल तिथे ठेवला जातो. पण इथे तो एक अक्षरी शब्द निशच उलटी करून टाकतो. वाक्य म्हणतं काम झालं आहे, पुढचं वाक्य म्हणतं म्हणून मी करते.

दुसरी फसगत गावाची. ‘या विषयावर निफाड तालुक्यात अभ्यास झालेला नाही.’ बरं, मग? प्रत्येक तालुक्याचा वेगळा अभ्यास करायचा तर सगळ्या महाराष्ट्राला जन्म पुरायचा नाही. जागा बदलली की कारण बदलतं, हे दाखवता आलं तरच जागेची निश उभी राहते. कांदाचाळीचं उदाहरण घ्या. उन्हाळ कांदा एप्रिल-मेच्या सुमारास निघतो आणि पावसाळाभर चाळीत राहतो. उन्हाळ्यात तो वजनात घटतो, पावसाळी दमट हवेत सडतो, पुढे कोंब काढतो. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्थाच आहे आणि साठवणुकीवर तिथे काम झालेलं आहे. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याने ‘निफाडमध्ये झालं नाही’ असं म्हणून भागत नाही. शिफारस केलेली चाळ जमिनीपासून उचललेली, खालून हवा खेळणारी असते. त्याच्या गावातल्या जुन्या चाळी तशा नसतील, त्यांत ढिगाच्या पोटातली आर्द्रता बाहेरच्या हवेपेक्षा वेगळी वागत असेल, म्हणून तो ढिगात तीन खोलींवर सेन्सर लावून दर तासाला नोंद घेणार आहे. ही झाली जागेची कारणासकट निश.

याच विषयातली आणखी एक नेहमीची चूक म्हणजे बेवारस टक्केवारी. ‘फोर्टी पर्सेंट ऑनियन्स आर वेस्टेड एव्हरी इयर.’ हा आकडा कुणाचा? किती महिन्यांच्या साठवणुकीचा? त्यात वजनघट धरली आहे की फक्त सड? टेरिटरीतल्या आकड्याबरोबर उगम, वर्ष आणि तो कशाचा आहे हे हवंच. हे तिन्ही देता येत नसेल तर आकडा गाळून ‘साठवणुकीत नुकसान होतं’ एवढंच, संदर्भ देऊन लिहावं. वाक्य फिकं होतं, पण व्हायव्हात मान खाली घालावी लागत नाही.

निश मोठीच हवी असंही नाही. स्वेल्स यांनी २००४ मध्ये मॉडेलची फेरमांडणी केली तेव्हा उणीव दाखवण्याच्या जोडीला ‘माहीत असलेल्यात भर घालणं’ हाही मार्ग स्पष्ट ठेवला. कुणाची तरी पद्धत घेऊन ती वेगळ्या नमुन्यावर पुन्हा करून पाहणं हे पदवीच्या पातळीवर पूर्ण प्रतिष्ठेचं काम आहे. तसं सरळ लिहावं. उगाच क्रांतीचा आव आणू नये.

साच्यातले मथळे

इंजिनिअरिंगच्या रिपोर्टात हा सगळा प्रवाह विभाग तोडून देतो: १.१ ओव्हरव्ह्यू, १.२ मोटिव्हेशन, १.३ प्रॉब्लेम स्टेटमेंट, १.४ ऑब्जेक्टिव्हज, १.५ स्कोप, १.६ ऑर्गनायझेशन ऑफ द रिपोर्ट. कॉमर्स आणि समाजशास्त्रांत नीड, सिग्निफिकन्स, हायपोथेसिस, लिमिटेशन्स, चॅप्टर स्कीम. मथळे बदलायचा अधिकार विद्यार्थ्याला नसतो. पण गटातली चार मुलं मथळे वाटून घेतात आणि प्रत्येक जण आपला मथळा पहिल्यापासून सुरू करतो, म्हणून ‘ट्रॅफिक इज अ मेजर प्रॉब्लेम’ हे वाक्य मोटिव्हेशनमध्येही येतं, प्रॉब्लेम स्टेटमेंटमध्येही आणि स्कोपमध्येही.

मथळ्यांखाली मूव्ह बसवून घ्यायचे. ओव्हरव्ह्यू म्हणजे टेरिटरी. मोटिव्हेशनमध्ये निशचा पूर्वार्ध: सध्याच्या पद्धती कुठे अडतात. प्रॉब्लेम स्टेटमेंट ही निशची शेवटची ओळ. एक परिच्छेद, शक्यतो दोन-तीन वाक्यं, आणि त्यात आपल्या उपायाचं नाव येऊ द्यायचं नाही. ‘द प्रॉब्लेम इज टू डेव्हलप ॲन अँड्रॉइड ॲप’ हा प्रॉब्लेम नव्हे, तो उपाय झाला. प्रॉब्लेम असा असतो की अमुक लोकांना अमुक काम अमुक वेळेत करता येत नाही. स्कोपमध्ये काय करणार नाही हे लिहायला मुलं घाबरतात, पण तीच ओळ व्हायव्हात ढाल होते.

‘सिग्निफिकन्स ऑफ द स्टडी’ हा सर्वांत पोकळ मथळा. ‘हा अभ्यास सरकार, समाज, विद्यार्थी आणि भावी संशोधकांना उपयुक्त ठरेल.’ सगळ्यांना उपयुक्त म्हणजे कुणालाच नाही. एक वाचक निवडा आणि तो हातात काय घेऊन जाईल ते लिहा. पाट्यांच्या अभ्यासात तो वाचक महापालिकेचा तपासनीस असू शकतो, आणि त्याला मिळतं फोटोवरून मोजता येणारं गुणोत्तर.

ऑब्जेक्टिव्हज तीन पुरेत. ‘टू स्टडी’, ‘टू नो’, ‘टू अंडरस्टँड’, ‘टू क्रिएट अवेअरनेस’ ही क्रियापदं टाळावीत, कारण ती पूर्ण झाली की नाही हे ठरवता येत नाही. ‘टू मेझर’, ‘टू कम्पेअर’, ‘टू क्लासिफाय’, ‘टू टेस्ट’ यांचं तसं नाही. हायपोथेसिस विदा गोळा झाल्यावर लिहिलेला असला तर तो ओळखू येतो: त्याचे आकडे निष्कर्षाशी नको तितके जुळतात.

इंग्रजीखालची मराठी

इंट्रोडक्शनमध्ये काळ तीन प्रकारे फिरतो. सर्वमान्य गोष्टींना साधा वर्तमान. एकूण क्षेत्रात आजवर काय झालं त्याला प्रेझेंट परफेक्ट. एका विशिष्ट वर्षीच्या विशिष्ट अभ्यासाला साधा भूतकाळ. मराठीत ‘लँड्री आणि बूरी यांनी १९९७ मध्ये ही संज्ञा वापरली आहे’ हे वाक्य बिनदिक्कत चालतं. त्याचं थेट इंग्रजी ‘हॅव यूज्ड द टर्म इन १९९७’ चालत नाही. वर्ष आलं की ‘यूज्ड’. ही एक चूक शोधायची तर मसुद्यात ‘हॅज’ आणि ‘हॅव’ शोधा आणि त्यांच्या वाक्यात ‘इन’ आणि वर्ष आहे का बघा. कंसातलं वर्ष या हिशेबात धरायचं नाही, तो संदर्भ आहे.

‘जरी… तरी’च्या जोडीमुळे ‘ऑलदो… बट’ येतं. इंग्रजीत दोघांपैकी एकच. ‘विषयी चर्चा’मुळे ‘डिस्कस अबाउट’ येतं. नुसतं ‘डिस्कस’ पुरतं. ‘प्रस्तुत संशोधकाने’ची सावली म्हणून ‘द प्रेझेंट रिसर्चर हॅज मेड ॲन हंबल अटेम्प्ट’ येतं. त्यात ‘ॲन’ही चुकलेला आणि नम्रताही अस्थानी. ‘दिस डिझर्टेशन एक्झॅमिन्स’ लिहावं किंवा विभागाला चालत असेल तर सरळ ‘आय’. ‘मेनी रिसर्चर्स’ लिहिलं की कंसात किमान तीन नावं हवीत; एकच नाव देऊन ‘मेनी’ म्हणता येत नाही.

इंट्रोडक्शन दोनदा लिहायची असते. पहिली सिनॉप्सिसच्या, म्हणजे कामाआधीच्या आराखड्याच्या वेळी, भविष्यकाळात: काय करणार. दुसरी सगळं काम झाल्यावर, कन्क्लुजननंतर. घाईत सिनॉप्सिस जशीच्या तशी पहिल्या प्रकरणात चिकटवली जाते आणि बाइंडिंग झालेल्या, सोनेरी अक्षरांच्या पुस्तकात ‘द डेटा विल बी कलेक्टेड फ्रॉम २०० रिस्पॉन्डंट्स’ राहून जातं, मिळालेले असतात १३७. प्रिंटला देण्याआधी कंट्रोल-एफ दाबून ‘विल’ शोधा. आकडेही ताडून घ्या.

दुसऱ्यांदा लिहिण्याआधी सगळा युक्तिवाद मराठीत पाच वाक्यांत मांडून पाहावा: लोक काय जाणतात, काय जाणत नाहीत, त्याने काय अडतं, मी काय केलं, कशावर केलं. या पाचांचं भाषांतर करायचं नाही. ती खिशात ठेवून इंग्रजी परिच्छेद पुन्हा वाचायचा आणि प्रत्येक परिच्छेद कितव्या वाक्याचं काम करतो तो आकडा समासात लिहायचा. दोन परिच्छेदांपुढे एकच आकडा आला तर एक जादा आहे. तिसऱ्या वाक्याचं काम कुठलाच परिच्छेद करत नसेल तर पुन्हा लिहायला बसा.

लांबीचा अंदाज असा. दहा-बारा हजार शब्दांच्या प्रबंधाला हजार-बाराशे शब्दांची इंट्रोडक्शन बेताची होते. तीन रंगांचे हायलाइटर घ्या, प्रत्येक मूव्हला एक. टेरिटरी साधारण निम्मी, निश दीडशे-दोनशे शब्द, उरलेलं ऑक्युपाय. पहिल्या मसुद्यात टेरिटरीचा रंग चार पानं व्यापतो आणि निशचा रंग कुठेतरी अर्ध्या ओळीत असतो.

नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इंट्रोडक्शनच आधी रंगते, कारण व्याख्या आणि पार्श्वभूमी सगळ्यांनी तिथूनच उचललेली असते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य मोजणीतून वगळलेलं आहे. त्यातल्या शिक्षा पदव्युत्तर आणि त्यावरच्या पातळीसाठी आहेत, पण पुष्कळ महाविद्यालयं तोच १० चा आकडा पदवीलाही लावतात, त्यामुळे विभागात विचारून घ्या. शब्द बदलून वाक्य तसंच ठेवणं ही पळवाट नव्हे. वाक्याची हाडं तीच राहतात आणि वाचणाऱ्याला ती कळतात. मूळ लेख बंद करून, आठवेल तेवढं आपल्या वाक्यात लिहून, मग परत उघडून ताडून पाहणं हाच मार्ग. एआयकडून लिहून घेतलेल्या इंट्रोडक्शनला तीनही मूव्ह अगदी क्रमाने असतात, पण निश इतकी सर्वसाधारण असते की ती कुठल्याही शहरातल्या कुठल्याही पाट्यांना लागू पडावी. शिवाय रेफरन्समध्ये कधीकधी अस्तित्वातच नसलेले लेख येतात. प्रत्येक डीओआय (लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक) उघडून बघा, आणि लेखाचं नाव तेच आहे का तेही.

शेवटचा परिच्छेद प्रकरणांच्या ओळखीचा. प्रकरणामागे एक वाक्य, आणि त्या वाक्यात प्रकरण काय करतं ते. ‘चॅप्टर टू इज रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ हे अनुक्रमणिकेत आहेच. तो लिहून झाला की ऑब्जेक्टिव्हजचं पान आणि कन्क्लुजनचं पान शेजारी शेजारी ठेवा आणि पेन्सिलने रेघा ओढा. तिसऱ्या ऑब्जेक्टिव्हपासून निघालेली रेघ पलीकडे कुठेच पोचत नसेल तर गाइडना विचारून ते ऑब्जेक्टिव्ह इंट्रोडक्शनमधून काढा किंवा लिमिटेशन्समध्ये ते का राहिलं ते लिहा, आणि मगच बाइंडरकडे जा.